डिस्को त्या रात्री मेला नाही, खुलासा

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय की १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटाने उडवल्या आणि त्या रात्री डिस्को संपला, हाऊस (क्लबमधलं मशीनच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत) वगैरे नंतरचं वेगळंच काहीतरी. स्फोट झाला हे खरंय, पब्लिक मैदानात घुसलं, दुसरी मॅच रद्द झाली, पण पुढचं साफ चूक.

ऑगस्टमध्ये, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, शीक या डिस्को बँडचं 'गुड टाइम्स' अमेरिकन चार्टवर नंबर एक होतं. मेलेला डिस्को हा! रेडिओ आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला, ते मान्य, पण क्लबवाले कुठे थांबणार होते, त्याच शिकागोत वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स जुनीच डिस्को गाणी टेपवर कापून-जोडून लांबवत होता, नाचायला सोयीचा तुकडा पुन्हा पुन्हा यायचा, मग खाली ड्रम मशीन आलं. हाऊस ते हेच. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, तीच, दर मात्रेला एक, फक्त ड्रमरच्या जागी मशीन.

आणि गंमत बघा, त्या रात्री स्टेडियममध्ये अशर, म्हणजे प्रेक्षकांना जागा दाखवणारा, म्हणून काम करणारा विन्स लॉरेन्स पुढे १९८४ च्या 'ऑन अँड ऑन' या सुरुवातीच्या हाऊस रेकॉर्डचा सहलेखक झाला. त्यानेच नंतर सांगितलंय की लोक नुसत्या डिस्कोच्या नाही, तर कृष्णवर्णीय कलाकारांच्या इतरही रेकॉर्ड्स घेऊन आले होते. पोस्टमध्ये नेमकं हेच गाळलंय.