जॅकेट कायाकवर अडकवून ठेवले असते तर चालले नसते का?

नमस्कार. सविस्तर अभिप्रायाबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, आपण उत्तम पोहता आणि पाणीही संथ होते, तरी लाइफ जॅकेट काढताच मार्गदर्शकाने आपल्याला काठावर बोलावले. जॅकेट छातीशी आवळत होते आणि ते कायाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) मागच्या दोरीखाली ठेवले असते तरी पुरले असते, असेही आपण म्हणता.

आपल्या पोहण्याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु कायाक उलटते ती बेसावध क्षणी, आणि पाणी गार असेल तर त्याचा स्पर्श होताच माणूस नकळत जोरात श्वास आत ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही छातीत पाणी जाऊ शकते. ही धाप आटोक्यात येईपर्यंतची पहिली एक-दोन मिनिटे फार धोक्याची असतात. कायाकिंगच्या जॅकेटाची उचल साधारण 50 न्यूटन, म्हणजे सुमारे 5 किलो वजन तोलण्याइतकी असते, आणि शरीराचा बहुतेक भार पाणीच पेलत असल्यामुळे डोके वर राहायला ती पुरते. (शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणे करीलच असे नाही, म्हणून मार्गदर्शकही जवळ असतो.)

दोरीखालच्या जॅकेटाचा मुद्दा आम्हाला मान्य नाही. उलटलेली कायाक वाऱ्याने पोहणाऱ्याच्या पुढे निघून जाऊ शकते, आणि जॅकेट तिच्यासोबत जाते. ते हाती लागले, तरी खोल पाण्यात तरंगत, एका हाताने वल्हे सांभाळत ते चढवून बकले लावणे किती जिकिरीचे असते, हे कोणीतरी शेजारी असताना उथळ पाण्यात एकदा करून पाहावे.

जॅकेट अंगाबरोबर बसवतो ते हेतुपुरस्सर. सैल असल्यास ते पाण्यात कानांपर्यंत वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटू शकतो, म्हणूनच निघण्यापूर्वी मार्गदर्शक खांद्यांवरचे पट्टे वर ओढून पाहतो. मात्र श्वास कोंडत असेल किंवा काखेत घासत असेल तर माप चुकीचे आहे, आणि ते मध्येच काठाला लागूनही बदलून मिळते.

उरलेल्या वेळेचे पैसे आम्ही परत करत नाही, कारण जॅकेट घालून लगेच पुन्हा निघण्याची मुभा आपल्याला दिली होती. पुन्हा आलात तर पाठीचा फोम वरच्या भागातच असलेले जॅकेट मागून घ्यावे. ते आसनाच्या पाठीला अडत नाही आणि वल्हवताना वर ढकललेही जात नाही.