लाल आहेत, पण पळतायत म्हणून नव्हे

सध्या एक पोस्ट जोरात फिरतेय. मजकूर साधारण असा: लंबवर्तुळाकार दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे अंडाकृती थवे, म्हणजे गॅलेक्सी) लाल दिसतात कारण त्या आपल्यापासून वेगाने दूर पळतायत, त्या फार जुन्या, म्हणून त्यांच्यात जड मूलद्रव्यं जवळपास नाहीतच, आणि आत वायू उरला नसल्यामुळे त्या 'मेलेल्या' आहेत.

पळण्याचं आधी उरकू. दीर्घिकांच्या कन्या समूहातली एम ८७ ही अशीच एक लंबवर्तुळाकार दीर्घिका. ती आपल्यापासून सेकंदाला सुमारे १,३०० किलोमीटरने दूर जाते. ऐकायला दणदणीत, पण त्याने प्रकाशाची तरंगलांबी (ती वाढली की रंग तांबड्याकडे झुकतो) अर्धा टक्कासुद्धा वाढत नाही. एवढ्यावर निळ्याचं लाल होत नसतं. देवयानी दीर्घिकेच्या शेजारची, तशीच लंबवर्तुळाकार एम ३२ तर सेकंदाला २०० किलोमीटरने आपल्याकडे येतेय, तरी तिचा रंग तसाच पिवळट-तांबूस. (तसा 'लाल' हा शब्दही जरा चढवूनच वापरलाय. वांगणीला आकाशदर्शनात एम ८७ दाखवली की दुर्बिणीत दिसतो तो राखाडी कापसाचा बोळा.)

दुसरा मुद्दा खरा मजेदार. त्या जुन्या आहेत, कबूल. थोरल्या दीर्घिकांतले बहुतेक तारे १,००० कोटी वर्षांच्या आसपासचे. घोटाळा त्या 'म्हणून'मध्ये आहे. आपल्याच आकाशगंगेतला एम १५ हा गोलाकार तारकागुच्छ घ्या. वय सुमारे १,२०० कोटी वर्षं, लोह सूर्याच्या जेमतेम दोनशेव्या हिश्शाइतकं. निळ्या आणि हिरवट-पिवळ्या गाळणीतून प्रकाश मोजून रंगाचा एक आकडा काढतात. आकडा मोठा तेवढा रंग तांबडा. वाटेतल्या धुळीचा परिणाम वजा केला की एम १५ चा आकडा येतो ०.६ च्या आसपास. थोरल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा? साधारण ०.९५. दोघंही म्हातारेच, मग फरक आला कुठून? धातूंमधून. (हेलियमपेक्षा जड ते सगळं खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी धातू, अगदी ऑक्सिजनसुद्धा.) धातू ताऱ्याच्या वातावरणात निळा प्रकाश गिळतात, आणि धातू जास्त असले की तांबड्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांचा पृष्ठभागही थंड राहतो. म्हणजे पोस्टवाले ज्या रंगाकडे बोट दाखवतात, तोच त्यांच्या विरोधात साक्ष देतो.

दीर्घिका जितकी वजनदार तितकी ती तांबडी, हेही त्यामुळेच. सुपरनोव्हांनी, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांनी, उधळलेला धातूंचा माल तिचं गुरुत्व सहजी बाहेर जाऊ देत नाही. त्यातूनच पुढचे तारे घडतात. शिवाय या ताऱ्यांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त सापडतं. मॅग्नेशियम येतं भारी ताऱ्यांच्या स्फोटांतून, काही कोटी वर्षांच्या आत. लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांचा, आणि त्यातल्या बऱ्याच स्फोटांना अब्जभर वर्षंही लागतात. ते लोह पुरेसं मिसळायच्या आत इथली तारे बनवायची भट्टी थंडावलेली होती.

मात्र नुसत्या रंगावरून वय सांगायला जाऊ नका. वय तिप्पट करा किंवा धातू दुप्पट करा, रंग जवळपास तेवढाच बदलतो. हा हिशेब १९९४ पासून माहीत आहे. म्हणून वर्णपटातल्या (रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या) हायड्रोजनच्या रेषाही बघाव्या लागतात, त्या वयाला जास्त दाद देतात.

राहता राहिलं 'मेलेल्या'. नवे तारे तिथे क्वचित जन्मतात, थंड वायू कमी असतो, हे खरं. पण वायूच नाही? एम ८७ कोट्यवधी अंश तापलेल्या वायूत बुडालेली आहे. तो क्ष-किरणांत दिसतो. ययाती या दुसऱ्या दीर्घिका-समूहातल्या अशाच वायूत १९७६ मध्ये एरियल ५ उपग्रहाला लोहाची रेषा सापडली. ते लोह ताऱ्यांच्याच पोटातलं. आणि त्या समूहाच्या मधोमध बसलेल्या एनजीसी १२७५ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती थंड वायूचे लांबच लांब तंतू आहेत, कोवळे निळे तारकागुच्छ आहेत. पोस्ट पुढे ढकलण्याआधी या दीर्घिकेचा फोटो एकदा बघा.