शनिवारवाडा राहू द्या, आधी विश्रामबाग नीट दाखवा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी टूम काढतं: शनिवारवाडा होता तसा पुन्हा उभा करा. माझं मत (विचारलं नसलं तरी सांगणार, पुणेकर आहे) - नको. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. त्या जोत्यांवर आता काँक्रीटचे मजले चढवून वर सागवानी रंग फासला, तर मंगल कार्यालय दिसेल, पेशवाई नाही.

आणि पुन्हा उभारलेला वाडाच बघायचाय ना? मग बाजीराव रस्त्यावर जा. विश्रामबाग वाडा.

दुसऱ्या बाजीरावाने तो हौसेने बांधला, खर्च दोन लाख. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत खाक झाला, तेव्हा याचाही पूर्वेकडचा भाग जळाला. तो पुन्हा उभा राहिला लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशातून. पुढे नगरपालिकाच इथे राहायला आली. १९५० साली तिची महानगरपालिका झाली, तेव्हा शहराचा कारभार याच वाड्यातून चालायचा. पेशव्यांच्या विलासमहालात नळपट्टीच्या तक्रारी! आपला खरा टाउन हॉल हाच.

पण वाड्याची गोष्ट सांगताना आपण पेशव्यांपाशीच थांबतो. तुळशीबागेतून पिशव्या सावरत आलेली मंडळी नक्षीदार सज्जाखाली उभी राहतात, सुरूच्या आकाराच्या खांबांसोबत फोटो काढतात आणि पुढे भेळ खायला जातात. त्यांचं काही चुकत नाही. थांबावं असं काही समोर हवं ना?

मला विचाराल तर, जुनं लाकूड कुठे संपतं आणि आगीनंतरचं कुठे सुरू होतं, ते खांबाखांबावर दाखवा. वर्गणीची हकीकत भिंतीवर लावा. एक दालन पाठशाळेला, एक नगरपालिकेला द्या. त्यात सभांची इतिवृत्तं, जुन्या करपावत्या, नगरसेवकांची भांडणंसुद्धा येऊ द्या. गर्दी झालीच तर त्या भांडणांपुढे होईल, पैज लावतो.

कुणी म्हणेल, यात भव्य काय? नसेल. पण पेशव्यांचा वाडा जळाल्यावर गावाने वर्गणी काढून उभा केला आणि मग त्यातच बसून गाव चालवलं, याहून पुणेरी गोष्ट मला तरी ठाऊक नाही. शनिवारवाड्यासाठी कुणाकडे खरंच निधी पडून असेल, तर पहिला हप्ता इकडे वळवा.