क्यू शीट कोण भरतं?

मालिकांना पार्श्वसंगीत देणाऱ्यांनो, शेवटच्या पाटीवर नाव आलं का ते जरूर बघा. पण त्याआधी क्यू शीट, म्हणजे भागात कुणाचं कुठलं संगीत किती वेळ वाजलं याची यादी मागा, कारण रॉयल्टी तिच्यावरून वाटली जाते.

डेली सोपला रोज नवं संगीत होत नाही. सुरुवातीला संगीतकार तुकड्यांची बँक देतो: दुःखाचे, ताणाचे, हलकेफुलके, मुख्य पात्रांच्या थीम. मग म्युझिक एडिटर प्रत्येक भागावर त्यातले तुकडे लावतो. कुठला तुकडा किती वाजला, हे फक्त त्याच्या टाइमलाइनवर दिसतं आणि तिथे फाइलचं नाव असतं 'सॅड_२_फायनल_न्यू'. काही महिन्यांनी यादी मागितली गेली की ऑफिसातलं कुणीतरी सगळ्या ओळींत शीर्षकगीताच्या संगीतकाराचं नाव टाकून मोकळं होतं. बहुतेक वेळा यात लबाडी नसते, माहिती नसते. पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात जातात.

नीट भरलेली ओळ अशी असते: 'आईची थीम, बासरी', ०:४७, पार्श्वभूमी, वाद्य, संगीतकाराचं पूर्ण नाव आणि आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), रचनेतल्या वाट्याची टक्केवारी, प्रकाशक. हा क्रमांक आयपीआरएसचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेतल्यावर मिळतो. एकाच नावाची दोन स्पेलिंगं झाली तरी क्रमांकावरून माणूस सापडतो. दोघांनी मिळून तुकडा केला असेल, तर वाटणी फाइल देतानाच लिहून घ्या. मालिका गाजल्यावर ती बोलणी कडू होतात.

'सगळे हक्क कायमचे' अशा करारावर सही झाली म्हणून सगळंच गेलं, हा समज आधी डोक्यातून काढा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या संगीताच्या संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, स्वतःहून लिहून दिला तरी नाही. अपवाद चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणाऱ्या संगीताचा. मालिकेचं चित्रीकरणही कायद्याच्या व्याख्येत 'चित्रपट'च आहे, म्हणून हे संरक्षण मालिकेच्या संगीतालाही मिळतं. आणि हक्क विकले तरी 'हे माझं काम' म्हणण्याचा अधिकार कलम ५७ नुसार रचनाकाराकडेच राहतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'प्रोग्रामिंग'च्या पाटीखाली संगीतकार झाकणं. कायद्याच्या लेखी संगीत रचणारा तो संगीतकार, मग त्याने नोटेशन लिहिलेलं असो वा नसो. लॅपटॉपवर बसून ज्याने निम्मे तुकडे रचले, त्याचं नाव संगीतकार म्हणूनच यायला हवं. दुसऱ्याची चाल फक्त सजवली असेल तर तो संयोजक. त्याने रचनेतला हिस्सा मागू नये, पण त्याचं नाव ठळक यावं.

करारात एक वाक्य घालून घ्या: 'प्रत्येक आठवड्याची क्यू शीट वाहिनीकडे जाण्याआधी संगीतकाराला ईमेलने मिळेल.' बँक देतानाच फाइलच्या नावात मालिका, तुकडा आणि आपलं आडनाव टाका. निर्माता ते वाक्य मान्य करत नसेल, तर एडिटरशी बोला. प्रो टूल्स या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेशन इन्फो ॲज टेक्स्ट' एक्स्पोर्ट केलं की क्लिपचं नाव, सुरुवात, शेवट आणि लांबी एका फाइलमध्ये येते. दर भागाची ती फाइल तारीख घालून जपून ठेवा.