आरोग्यव्यवस्था समजून घ्यायचीय? आधी गळ्यात बिल्ला अडकवा

आपल्या नागपुरात भावी नेतृत्व घडवायचे वर्ग चालतात. कॉलनीचे अध्यक्ष, दोन-चार उद्योजक, एखादे निवृत्त साहेब, नगरसेवकपदावर डोळा ठेवून बसलेले एक-दोघं. यांना शहर शिकवतात. एक दिवस पोलीस, एक दिवस पाणी, एक दिवस ‘आरोग्य आणि वेलनेस’. गेल्या मंगळवारी त्यांचा आरोग्याचा दिवस होता आणि माझ्या आईच्या गुडघ्याचाही. एकाच सरकारी दवाखान्यात. (कोणत्या ते सांगत नाही, आईला परत तिथंच न्यायचंय.) आज ना उद्या तुमचाही नंबर अशा दौऱ्यात लागेल, तेव्हा माझ्या अनुभवाचा फायदा घ्या.

सगळ्यात आधी, सकाळी जाऊ नका. सात वाजता केसपेपरच्या खिडकीसमोर माणसांऐवजी चपला रांगेत असतात आणि माणसं भिंतीला टेकून बसलेली. कोणी गडचिरोलीहून रात्रीच्या एसटीनं आलेलं, कोणी बालाघाटहून. त्यात शिकण्यासारखं काही नाही. साडेअकराला जा. तोवर फरशी पुसून झालेली असते.

प्रश्न विचारायचा तर मशीन केवढ्याची आहे, एवढाच विचारा. ती चालू आहे का, हे विचारणं असभ्यपणाचं.

थोडा अभ्यास करून गेलेलं बरं दिसतं. मेडिकल म्हणजे आपलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1947 चं, मिहानमधल्या एम्सचं लोकार्पण डिसेंबर 2022 चं, एवढं पाठ असलं की बोलता येतं. फक्त जास्त खोलात जाऊ नका. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार मोफत झाले. डागा, म्हणजे बायकांचं सरकारी रुग्णालय, त्यात आलं. मेडिकल आणि मेयो हे वैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने, ते पडले वैद्यकीय शिक्षण खात्याचे, ते त्या निर्णयात बसले नाहीत. एकाच शहरात, एकाच सरकारचे दवाखाने. पेशंटला खातं कळत नाही, त्याला पोटात दुखतं तेवढं कळतं. पण हे विचारलं की साहेबांचा चेहरा उतरतो आणि ग्रुप फोटो बिघडतो.

डेंग्यूवर अवश्य बोला, आपल्या ऑफिसच्या कूलरच्या टाकीत गेल्या उन्हाळ्याचं पाणी असलं तरी.

आता लिफ्ट. लिफ्ट ही दौऱ्यासाठीच बसवलेली असते, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. हाडांची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर. (हाडांची! तिसऱ्या मजल्यावर! असो.) दोनपैकी एक लिफ्ट बंद, तिच्या दारावरचा ‘दुरुस्ती सुरू’चा कागद पिवळा पडलेला. दुसरीसमोर आम्ही वीसेक जण. वॉर्डबॉय आडवा उभा. ‘‘थांबा ना बाप्पा, पाहुणे येऊन राहिले.’’ थांबलो. आई काठीवर भार देऊन उभी, शेजारी व्हीलचेअरवर बारा-तेरा वर्षांचा पोरगा. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. त्यात दुखणं उठलं की हाडांत सुरी फिरवल्यासारखं होतं म्हणतात. पोरगा ओरडत नव्हता, नुसता दात खाऊन बसला होता. त्याचा बाप सलाईनची बाटली हातात उंच धरून. स्टँड नव्हता. दहा मिनिटं. वीस मिनिटं. बाप हात बदलत होता. मी म्हटलं, ‘‘द्या भाऊ, मी धरतो.’’ तर म्हणे, ‘‘राहू द्या, सवय आहे.’’

मग मंडळी आली. केशरी फीत, गळ्यात बिल्ला, हातात पाण्याच्या सारख्या बाटल्या. दोन खेपांत वर गेली. एका ताईंनी जाता जाता त्या बापाचा फोटो काढला. ‘‘किती टचिंग आहे ना!’’ लिफ्टचं दार लागलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पोचलो तेव्हा डॉक्टर पाहुण्यांना विभाग दाखवायला गेले होते.

दुपारी या मंडळींचं वेलनेसचं सत्र वर्धा रोडवरच्या हॉटेलात होतं, हे मागाहून कळलं. तिथं श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. रोज दहा हजार पावलं चाला म्हणाले.

नाही, आता उपरोध वगैरे पुरे झाला. तुम्हाला लाज वाटत नाही का हो? ज्यांच्या नावानं तुमचा दिवस साजरा होतो, त्यांनाच भिंतीला चिकटवून तुम्ही वर जाता? वीस जण होतो आम्ही तिथं. तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही की बाबा, ही बाटली हातात काऊन धरली? फोटो काढता आला, एक स्टँड मागवता आला नाही? साहेबांशी ओळख तुमची, आमची नाही. तुमच्या एका शब्दावर तो स्टँड पाच मिनिटांत आला असता. ती बंद लिफ्ट तुमच्यासमोरच होती, तो पिवळा कागद तुमच्या नाकासमोर होता. कोणी वाचला?

पुढच्या मंगळवारी आईला पुन्हा बोलावलंय. सातला मी खिडकीसमोर असतो. या. बिल्ला घरी ठेवा, चप्पल रांगेत लावा, आणि वर जाताना जिन्यानं चला. मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजता ना, तेवढीच भर पडेल.