मानधनाविना कलासंवर्धन

दिवाळी पहाटेसाठी गायिका ठरवायचं काम सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने तुमच्या गळ्यात टाकलंय ना? घाबरू नका. मांडववाला, साउंडवाला आणि फराळवाला यांचे पैसे आधी चुकते करा. ती माणसं तत्त्वज्ञानाला बधत नाहीत. मग गायिकेसाठी जे काही उरत नाही, ते तिला नीट समजावून सांगायचं.

सुरुवात घरातल्या मालाने करा. गायिका रागदारीवाली असेल तर ना. सी. फडक्यांच्या बाजूने उभे राहा : कलेसाठी कला! जी स्वतःसाठीच आहे तिला मोबदला कशाला? ती प्रबोधनाची गाणी म्हणणारी निघाली, तर तडक वि. स. खांडेकरांच्या गोटात जा : कला जीवनासाठी, आणि समाजकार्याचे का कोणी पैसे घेतं? या दोघांच्या वादात मराठी माणसाच्या पिढ्या गेल्या, पण तुमच्या जमाखर्चाच्या वहीत दोघे एकाच रकान्यात सुखाने नांदतील. दोघांच्याही कादंबऱ्या विकतच घ्याव्या लागत, हे मात्र बोलू नका.

समितीत एखादे निवृत्त प्राध्यापक असतातच. त्यांच्यासाठी जर्मन तत्त्वज्ञ कांट राखून ठेवा. सौंदर्याचा आनंद निःस्वार्थ असतो, असं त्याने १७९० मध्येच लिहून ठेवलंय. ते रसिकाबद्दल आहे, गायिकेच्या बिलाबद्दल नाही; पण इतक्या खोलात कोण जातं? ॲरिस्टॉटल मात्र टाळा. शोकांतिका पाहून करुणा आणि भीती यांचं विरेचन, म्हणजे निचरा होतो, असं तो म्हणतो. एकदा उपयोग कबूल केला की लोक दर विचारतात.

खरा कामाचा माणूस प्लेटो. त्याचा हिशेब सरळ : खाटेचं मूळ रूप देवाचं, सुताराची खाट ही त्याची नक्कल आणि चित्रकाराची खाट म्हणजे नकलेची नक्कल. म्हणून स्टेज ठोकणाऱ्या सुताराला रोख द्या, मागचा पडदा रंगवणाऱ्याला आभारपत्र. त्याने कवींना आदर्श नगराबाहेर काढलं, पण देवांची स्तोत्रं आणि सज्जनांची स्तुती यांना मुभा ठेवली. तेव्हा दोन भजनं आणि मध्ये अध्यक्षांविषयी चार शब्द, एवढा कार्यक्रम शास्त्रशुद्ध आहे.

समारोपाच्या भाषणात भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचं नाव जरूर घ्या. थकल्याभागल्यांना, दुःखितांना नाट्य विश्रांती देतं, हे वाक्य टाळ्या घेतं. फक्त पहिला अध्याय कोणाच्या हाती देऊ नका. तिथे प्रयोगावर खूश झालेल्या देवांनी भरताच्या मुलांना इंद्राचा ध्वज, वरुणाची झारी, सूर्याचं छत्र, कुबेराचा मुकुट असं बरंच काही देऊन टाकलंय. देवांना समिती नव्हती, म्हणून जमलं.

तुम्ही शाल-श्रीफळावर भागवा. गेल्या वर्षीच्या वक्त्यांनी खुर्चीवर विसरलेली शाल वॉचमनच्या कपाटात आहे. घडी बदलली की झालं. पाकीट द्यायचंच असेल तर त्यावर चिकटवलेलं रुपयाचं नाणं फोटोत येईल असं धरा. तबलजीने स्वतंत्र मानधनाचं विचारलं, तर त्याला प्रसिद्धी मिळेल म्हणून सांगा. सोसायटीत ९६ फ्लॅट आहेत.

एवढं करूनही गायिकेने आगाऊ रक्कम मागितलीच, तर वाद घालू नका. ‘फारच व्यावसायिक’ असा शेरा इतिवृत्तात नोंदवा आणि सेक्रेटरींच्या भाचीला फोन लावा. ती कथक शिकते, गाणंही म्हणेल.