विमानाच्या चाकांच्या कप्प्यातून आखात गाठता येते, असे सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

२०२५ च्या नवरात्रात माझ्या भाच्याने व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर माझ्यासमोर धरला आणि विचारले, “मामा, यात खोटं काय आहे? तो पोरगा आला ना जिवंत?” भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याने आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स पूर्ण केला आहे आणि आखातात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका दलालाकडे त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, अंगावरचे डाग गहाण ठेवून भरलेले पैसे आठ महिन्यांपासून अडकलेले आहेत. अशा मुलाच्या हातात असा मजकूर पडतो तेव्हा तो करमणूक म्हणून वाचत नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मजकुराचा सारांश असा. दिल्लीला एक मुलगा विमानाच्या चाकांच्या कप्प्यात बसून सुखरूप आला, म्हणजे त्यात जिवाला धोका नाही. चाकांचा कप्पा आतून गरम असतो आणि विमानाच्या पोटात कुत्री-मांजरीसुद्धा जिवंत जातात. दोन जाड जॅकेटे घालून आणि प्राणायामाची सवय ठेवून दुबईपर्यंतचे तीन तास सहज निघतात. सापडलात तरी सरकार फुकट परत पाठवते. आणि विमान कंपन्या हे सगळे लोकांपासून लपवून ठेवतात. शेवटी, दलालाला लाख दोन लाख देण्यापेक्षा हे बरे, अशी मल्लिनाथी आहे.

दिल्लीची घटना खरी आहे, ती मी नाकारत नाही. २१ सप्टेंबर २०२५ रोजी, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, काबूलहून आलेल्या काम एअरच्या विमानातून, मागच्या बाजूच्या मधल्या चाकांच्या कप्प्यातून, अफगाणिस्तानातल्या कुंदूझचा साधारण तेरा वर्षांचा मुलगा जिवंत बाहेर आला. तो प्रवास दीड तासाच्या आसपासचा होता. एवढ्यावरून “धोका नाही” हा निष्कर्ष काढायचा असेल, तर वादळात फुटलेल्या होडीतून एक खलाशी पोहत किनाऱ्याला लागला म्हणून वादळात होडी घालायला हरकत नाही, असेही म्हणावे लागेल, आणि तसे मिरकरवाड्यात किंवा हर्णैला कोणीही म्हणणार नाही.

अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाची वैद्यकीय संशोधन संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होझेहून हवाई बेटांमधल्या माऊईला एक किशोरवयीन मुलगा असाच पोहोचला, तेव्हा या प्रशासनाने आकडे सांगितले होते: १९४७ पासून तोपर्यंत जगभरातल्या ९४ उड्डाणांत १०५ माणसे चाकांच्या कप्प्यात लपल्याचे आढळले आणि त्यांतली २५ वाचली. म्हणजे ऐंशी माणसे गेली. शिवाय ही मोजणी सापडलेल्यांचीच आहे. उड्डाणानंतर किंवा उतरण्याआधी कप्प्याची दारे उघडताना जो समुद्रात पडला, त्याची नोंद कोण करणार? आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघालेले विमान काही मिनिटांत अरबी समुद्रावर असते. शिवाय जो वाचतो त्याची बातमी होते, तिचे चित्र होते आणि ते चित्र मोबाईलवर फिरते. कप्प्यात गोठून सापडलेल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, त्यामुळे वाचलेलेच जास्त असावेत असा समज होतो.

कप्पा गरम असतो, या विधानात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने मान्य करतो. धावपट्टीवरून सुटलेली चाके तापलेली असतात आणि त्या भागातून जाणाऱ्या हायड्रॉलिकच्या नळ्यांची ऊब सुरुवातीला मिळते. पण हा कप्पा विमानाच्या हवाबंद भागाच्या बाहेर असतो. प्रवाशांच्या भागात इंजिनांकडून घेतलेल्या हवेने दाब राखलेला असतो आणि सामानाचा जो भाग प्राण्यांसाठी वापरतात तोही त्याच हवाबंद कवचाच्या आत येतो. मजकूर लिहिणाऱ्याने सामानाचा भाग आणि चाकांचा कप्पा यांची सरमिसळ केली आहे आणि सगळी फसगत तिथूनच सुरू होते. पस्तीस हजार फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाव होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरसुद्धा तो सुमारे एक तृतीयांश असतो.

उणे ५४ हा आकडा वाचून कळत नाही, म्हणून माझ्या कामातले सांगतो. मी बावीस वर्षे रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात कोल्ड स्टोरेजवर होतो. गोठवलेली मासळी तिथे उणे १८ अंशांत ठेवतात आणि कोळंबीचे, म्हाकुलाचे ठोकळे गोठवायचे असतील तर प्लेट फ्रीझर उणे ४० पर्यंत नेतात. त्या उणे ४० च्या यंत्रात आम्ही माणूस कधीच घालत नाही, तिथे फक्त माल जातो. उणे १८ च्या खोलीत जाताना जाड जॅकेट, टोपी, दोन हातमोजे असा सरंजाम असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी माणूस बाहेर काढायचा, अशी आमची शिस्त होती. एकदा एका नव्या मुलाने ट्रेवरची चिठ्ठी वाचायला उजवा मोजा काढला आणि कोळंबीच्या पाण्याने ओल्या झालेल्या हाताने लोखंडी ट्रॉलीची दांडी धरली. तळहाताची कातडी दांडीला चिकटली. कोमट पाणी ओतून हात सोडवला, तरी बोटाएवढी कातडी दांडीवरच राहिली, आणि हे सगळे अर्ध्या मिनिटात झाले. भाच्याला मी माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या परवानगीने त्या खोलीत जॅकेट घालून उभे केले. सातव्या मिनिटाला त्याला स्वतःच्या मोबाईलवर आईचा नंबर दाबता येईना. ती खोली उणे १८ ची होती, वाऱ्याविना होती, आणि तिथे श्वास घ्यायला पुरेशी हवा होती.

आता जॅकेट आणि प्राणायाम यांच्याकडे वळतो. या मजकुरातले सगळ्यांत घातक वाक्य हेच आहे, कारण “तयारी करून गेलात तर वाचाल” अशी आशा ते देते.

१९९९ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या विमानतळावर, गिनीतल्या कोनाक्रीहून आलेल्या विमानाच्या चाकांच्या कप्प्यात चौदा आणि पंधरा वर्षांची दोन मुले मृतावस्थेत सापडली. त्यांच्या अंगावर एकावर एक चढवलेल्या विजारी होत्या, स्वेटर होते, जॅकेटे होती, टोप्या होत्या. म्हणजे त्यांना थंडीची कल्पना होती आणि घरात मिळाले ते सगळे त्यांनी अंगावर घातले होते. जवळच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत जन्माचे दाखले होते, शाळेची प्रगतिपुस्तके होती, फोटो होते आणि युरोपातल्या राज्यकर्त्यांना उद्देशून लिहिलेले एक पत्र होते, ज्यात आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ती सापडण्याच्या काही दिवस आधीच मेली होती आणि मधल्या काळात ते विमान त्यांना घेऊन पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिले होते. “दोन जाड जॅकेटे घाला” हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने प्रगतिपुस्तकांची ती पिशवी एकदा डोळ्यांसमोर आणावी.

प्राणायामाबद्दल मला आदर आहे, माझी आई पंच्याऐंशीव्या वर्षी रोज करते. पण श्वास कितीही नियंत्रित केला तरी बाहेरच्या हवेचा दाब वाढत नाही आणि रक्तात प्राणवायू शिरण्यासाठी तो दाब लागतो. पंचवीस हजार फुटांवर, बाहेरून प्राणवायू न घेणाऱ्या आणि त्या उंचीची सवय नसलेल्या माणसाला भानावर राहून काही करता येण्याचा अवधी तीन ते पाच मिनिटे असतो, असे वैमानिकांच्या प्रशिक्षणात शिकवतात, आणि विमान तर त्याहून दहा-पंधरा हजार फूट वर जाते. म्हणजे विमान त्या उंचीवर स्थिरावण्याच्या आधीच कप्प्यातला माणूस बेशुद्ध झालेला असतो. बेशुद्ध माणूस प्राणायाम करत नाही, जॅकेटची चेन वर ओढत नाही, कशाला धरूनही ठेवत नाही. त्याच्या हातात काहीच उरत नाही.

मग जे वाचले ते कसे वाचले? याचे उत्तर त्याच अमेरिकी संस्थेच्या १९९६ च्या अहवालात दिले आहे. चढताना प्राणवायू कमी पडून माणूस बेशुद्ध होतो आणि त्याच वेळी शरीर इतके थंड होत जाते, सदतीस अंशांवरून सत्तावीसपर्यंत किंवा त्याच्याही खाली, की मेंदूची प्राणवायूची गरजच घटते. विमान खाली येऊ लागले की ऊब आणि हवा हळूहळू परततात, आणि एखाद्याचे शरीर त्या दोन्हींशी जुळवून घेत पुन्हा चालू होते. म्हणजे ज्या थंडीपासून वाचण्यासाठी जॅकेट घालायला सांगितले आहे, तीच थंडी काही जणांच्या बाबतीत मेंदू वाचवणारी ठरली, आणि बहुतेकांच्या बाबतीत जीव घेणारी. हा तोल कोणाच्या शरीरात कुठे साधेल हे आधी ओळखण्याची कोणतीही युक्ती नाही. जे वाचले त्यांनी वाचण्यासाठी काही केले नव्हते, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखी पद्धतही निघत नाही.

याला पुरावा हवा असेल तर जोडीने गेलेल्यांची उदाहरणे पाहावीत. १९६९ मध्ये हवानाहून माद्रिदला निघालेल्या विमानात दोन तरुण शिरले, एक पोहोचला, दुसरा खाली पडला. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातले दोन सख्खे भाऊ दिल्लीहून लंडनला जाणाऱ्या विमानाच्या चाकांच्या कप्प्यात लपले. दहा तासांनी थोरला जिवंत निघाला आणि धाकटा गेला. २०१५ मध्ये जोहान्सबर्गहून लंडनला असेच दोघे निघाले, एक रुग्णालयात बेशुद्धावस्थेत पोहोचला आणि दुसऱ्याचा मृतदेह शहरातल्या एका इमारतीच्या छतावर पडला. विमान तेच, वेळ तीच, थंडी तीच, आणि भावांच्या बाबतीत तर घर आणि रक्तही एकच. भाच्याला हे सांगताना मी त्याच्या धाकट्या भावाचे नाव घेतले. तो गप्प बसला.

चाके आत ओढली जाताना त्या जागेत चिरडून जाण्याचा धोका वेगळाच. त्याचे वर्णन मी करत नाही. मासळीच्या कारखान्यात यंत्रात सापडलेला हात ज्याने पाहिला आहे त्याला ते करवत नाही.

सापडल्यास फुकट परत पाठवतात, हे दिल्लीच्या मुलापुरते खरे आहे. त्याला त्याच दिवशी त्याच विमानाने परत पाठवले. पण तो तेरा वर्षांचा होता. मोठ्या माणसाला हे लागू होते असे समजणे चुकीचे आहे. आपल्याच देशात १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना शिरणाऱ्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आखातातले देश याबाबत आपल्याहून मऊ असतील असे मानायला काही आधार नाही. १९९६ च्या त्या वाचलेल्या भावालाही लंडनमध्ये पोहोचल्यावर नोकरी मिळाली आणि सगळे सुरळीत झाले असे घडले नाही. त्याला तिथे राहू द्यायचे की नाही हा प्रश्नच कित्येक वर्षे लोंबकळत राहिला.

कंपन्या लपवतात, या मुद्द्यावर फार लिहीत नाही. लपवले असते तर वरची एकही घटना मला माहीत नसती.

राहिला दलालाचा मुद्दा, आणि तिथे मात्र मजकूर लिहिणाऱ्याने खऱ्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावागावांत आखाताच्या नावाखाली पैसे बुडालेली घरे आहेत. पण त्यावर उपाय परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आहे, तिथे नोंदणी असलेल्या भरती एजंटांची यादी पाहता येते, आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आम्ही दोघांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या यादीत बहिणीच्या दलालाचे नाव शोधले. नाव नव्हते. त्याने दिलेल्या पावतीवर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी होती, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. तक्रारीचा अर्ज भाच्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, पावतीची प्रत जोडली आहे, आणि सोमवारी आम्ही दोघे तो घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहोत.